आबा ट्रेलर जोडायचे तेव्हा

आमच्या घरापुढून मोठा रस्ता जायचा आणि रस्त्यापलीकडं मोकळं मैदान होतं. आखाडा बाळापूर सोडून नांदेडकडं निघालं की डाव्या हाताला. त्या मैदानात करीमशेठच्या गाड्या उभ्या असत, दोन घोडे आणि चार ट्रेलर. घोडा म्हणजे गाडीचा पुढचा भाग, इंजिनाचा आणि केबिनचा. मागची लांबलचक फळी म्हणजे ट्रेलर. ट्रेलरला पुढची चाकं नसतात, घोडा सोडवून घेतला की तो पुढच्या बाजूनं दोन लोखंडी पायांवर उभा राहतो. एक ट्रेलर भरत असला की घोडा दुसरा ओढून न्यायचा, त्यामुळं आमच्या दारासमोर सोडणं आणि जोडणं चालूच असायचं. त्यातल्या एका घोड्यावर माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ड्रायव्हर होते. करीमशेठ त्यांना गंगाराम उस्ताद म्हणत, आणि शेठच म्हणतात म्हणून गावही म्हणे.

आमच्या घराण्यात मेंढरं होती. चुलते शिरड शहापूरला अजून मेंढरांमागं हिंडत होते. आबांनी कळप सोडून स्टेअरिंग धरलं ते माझ्या जन्माच्या आधी. घरात मी, माय, आबा आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठा केशवभाऊ. भाऊची बायको तेव्हा बाळंतपणाला पुसेगावला माहेरी गेली होती. आबांची गाडी मैदानात येऊन थांबली की ब्रेकमधली हवा सुटल्याचा लांब फुस्कारा यायचा. तो ऐकला की माय काही न बोलता चुलीवर तवा टाकायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर करडीच्या तेलाची धार, आणि जवसाची चटणी. आबा हात धुऊन येईपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची. हात मात्र कधी पुरते स्वच्छ व्हायचे नाहीत, नखांत ग्रीस राहायचंच. मला तो वास आवडायचा. आजही एखाद्या गॅरेजवरून जाताना तो आला की मी पाऊल आखडते, आणि बरोबरच्या माणसाला वाटतं की माझे गुडघे दुखतायत.

जेवताना आबा भाऊला ट्रेलर जोडणं शिकवायचे. भाऊ तेव्हा नुकताच मोठ्या गाडीवर बसायला लागला होता. शिकवणं त्याच्यासाठी असायचं, पण पाठ मला झालं. घोड्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी तबकडी असते, ग्रीसनं माखलेली, मागच्या बाजूनं चिरलेली. ट्रेलरच्या पोटाखाली मनगटाएवढी पिन लोंबत असते. घोडा सरळ रेषेत हळूहळू मागं घ्यायचा, की ती पिन चिरेतून आत शिरते आणि तबकडीतला जबडा तिला आवळून धरतो. खट्ट असा आवाज होतो. सगळी गाडी, सगळा माल त्या एका पिनेवर ओढला जातो. आबा सांगत, आधी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लाव. घोडा जरा अलीकडंच थांबव, खाली उतर आणि उंची बघ. ट्रेलर तबकडीपेक्षा किंचित खाली पाहिजे, म्हणजे तबकडी त्याला उचलून घेते. तो वर राहिला तर पिन जबड्याच्या वरच टेकते, आवाज मात्र तसाच येतो आणि माणूस फसतो. मग हवेचे पाईप लाव, ट्रेलरचे ब्रेक धर, मागं घे, खट्ट झालं की पहिल्या गिअरमध्ये पुढं झटका देऊन बघ. सुटत नाही ना? तरी खाली उतर. बॅटरी घेऊन खाली वाक आणि बघ, तबकडी आणि ट्रेलरच्या मधून उजेड दिसता कामा नये, जबडा पिनेच्या मागं बंद दिसला पाहिजे, लॉकचं हँडल पुरतं आत गेलेलं पाहिजे. एवढं झाल्यावरच पाय वर घ्यायचे आणि ठोकळे काढायचे.

"आवाजावर इस्वास ठिवायचा न्हाई," आबा घास हातात धरून म्हणायचे. "डोळ्यानं बघायचं. मागून येणाऱ्या माणसाला ठावं नसतंय आपलं काय सुटलंय ते."

भाऊ मान हलवायचा. माय म्हणायची, आधी जेवा, ट्रेलर कुठं पळून चालला न्हाई.

आबांचं विसरणं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येत नाही. शेळीला पाला घातला का हे त्यांनी मायला दोनदा विचारलं असेल, तिनंही दोनदा उत्तर दिलं असेल. एकदा लांबच्या फेरीवरून आले आणि शेजारच्या दारात उभे राहून मायला हाक मारू लागले. शेजारीण हसली, आबाही हसले. माय म्हणाली, चार दिवस डोळ्याला डोळा न्हाई, दुसरं काय व्हनार. आम्ही ते मानलं. आबांचं वय तेव्हा पन्नाशीच्या थोडंसं पुढं होतं आणि ते अंगानं दणकट होते. अशा माणसाचं आतून काही निसटत असेल हे आमच्या कुणाच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

मी अकरावीत होते. एका दुपारी कॉलेजातून लवकर आले म्हणून मायनं डबा देऊन मला मैदानात पाठवलं. आबा घोडा मागं घेत होते. खट्ट झालं. मी डबा धरून बाजूला उभी राहिले, आता झटका देतील, मग उतरून खाली बघतील, मग हात पुसून डबा घेतील. झटका न देताच ते उतरले, आणि वाकलेही नाहीत. पाईप लावले, हँडल फिरवून ट्रेलरचे पाय वर घेतले, ठोकळे काढून केबिनमध्ये टाकले आणि वर चढून बसले. मी उभी होते तिथून तबकडी आणि ट्रेलरच्या मधून पलीकडची बाभळ दिसत होती. दोन बोटं रुंद उजेडाची पट्टी. मी ओरडले, "आबा, थांबा. उजेड दिसून राहिला."

ते खाली आले. माझ्या शेजारी वाकले आणि त्या फटीकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं रागावतील. त्यांनी गुपचूप ठोकळे लावले, पाय खाली घेतले आणि पहिल्यापासून सगळं परत केलं, अगदी जसं सांगत तसं. मग डबा माझ्या हातातून घेतला, उघडला नाही. "मायला सांगू नको," एवढंच म्हणाले. मी सांगितलं नाही. ते माझं पहिलं गप्प बसणं.

पुढं हळद शिजवायचे दिवस आले. आमच्या भागात त्या दिवसांत हवेलाच हळदीचा ओला, उग्र वास येतो, कपड्यांना आणि केसांनाही. लोखंडी सळयांनी भरलेला ट्रेलर मैदानात उभा होता. मी ओट्यावर ज्वारी निवडत बसले होते. आबांचा घोडा पुढं निघाला तो नेहमीसारखा, आणि पुढच्याच क्षणी ट्रेलर मागं राहिला. त्याचं तोंड घोड्याच्या पाठीवरून घसरलं आणि जमिनीवर आदळलं. आमच्या फडताळातली भांडी खाली आली. हवेचे पाईप तुटून फुत्कारत होते, धुळीत काही दिसत नव्हतं. धूळ खाली बसली तेव्हा शंकर नावाचा हमाल दोन्ही हात डोक्यावर धरून उभा होता. तो त्याच ट्रेलरच्या सावलीला जेवायला बसला होता आणि पाणी आणायला म्हणून आमच्या दारी आला होता. त्याचा डबा आणि खांद्यावरचा पंचा ट्रेलरखाली होता. ट्रेलर उचलल्यावर डबा निघाला, चपटा पत्रा झालेला.

लोक म्हणाले, लॉक झिजलं होतं. आबाही म्हणाले, लॉक झिजलं. करीमशेठनं एका शब्दानं विचारलं नाही, उस्ताद सांगतो म्हणजे झिजलंच असणार. फिटर आला, त्यानं जुना जबडा काढून नवा बसवला आणि जुना आमच्या ओट्यावर ठेवून गेला. मी आणि भाऊनं तो उलटसुलट करून पाहिला. कुठं झीज नव्हती. भाऊ बराच वेळ त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग मला मागच्या अंगणात घेऊन गेला आणि मी तोवर जे पोटात ठेवलं होतं ते त्याला सांगितलं. तो म्हणाला की आता आबांना एकटं जाऊ द्यायचं नाही, तो शेठकडं आबांबरोबर जायचं मागून घेईल, जोडणं-सोडणं सगळं तो बघेल. "तू तोंड उघडू नको, सुले," तो म्हणाला. "गाडी काढली त्यांची तर त्यो माणूस आठ दिस जगायचा न्हाई."

तसं काही दिवस निभलं. भाऊ बरोबर जायचा, आबा चालवायचे. रस्ता त्यांना चुकत नसे, स्टेअरिंगवर हात तसाच होता. भाऊ खाली वाकून बघायचा, आबा केबिनमधून विचारायचे, बसलं का? भाऊ म्हणायचा, बसलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, उस्ताद पोराला तयार करतोय. मायलाही तसंच वाटत होतं आणि त्या दिवसांत ती आनंदात होती. तिला काही कळू नये म्हणून आम्ही दोघं किती जपत होतो, हे आठवलं की आज मला आमचाच राग येतो. तिला आधी कळलं असतं तर पुढचं सगळं असं झालं नसतं, असं मी किती वर्षं मनाशी म्हणत आले. खरंच तसं झालं असतं का, ते मात्र मला अजून ठरवता येत नाही.

मग पुसेगावहून निरोप आला. वहिनी अडली होती, तिला हिंगोलीला नेत होते. भाऊ अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. जाताना मला म्हणाला, मी येईपर्यंत आबांना निघू देऊ नको, काहीही सांग. पण दुसऱ्या दिवशी सिमेंटचा भरलेला ट्रेलर घाट उतरून कोकणात न्यायचा होता आणि आबा एकटेच निघणार होते. सकाळी मी त्यांना सांगून पाहिलं की भाऊ येईपर्यंत थांबा. ते म्हणाले, केशव नव्हता तवा गाडी कोन चालवत व्हतं? मग ते आरशापुढं दाढी करायला बसले. मी चहा घेऊन उभी होते. त्यांनी उजवा गाल स्वच्छ केला, वस्तरा धुतला, पुसून डबीत ठेवला आणि टॉवेलनं तोंड पुसून उठले. डाव्या गालावर साबण तसाच होता. त्यांनी माझ्या हातून कप घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, "कॉलेज न्हाई व्हय आज?"

मी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि करीमशेठच्या घरी गेले. शेठ अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी सगळं सांगितलं, उजेडाची पट्टी, न झिजलेला जबडा, अर्धी दाढी. मधेच मला रडू आलं तेव्हा ते थांबले आणि दाणे संपेपर्यंत खाली बघत राहिले. मग विचारलं, "तेरी माँ को मालूम है?" मी मान हलवली, नाही. "घर जा बेटी. मैं आता." मी म्हटलं, माझं नाव सांगू नका. ते म्हणाले, नहीं लेता.

ते अर्ध्या तासात आले. खाटेवर आबांच्या शेजारी बसले, मायच्या हातचा चहा घेतला. आबांच्या गालावर साबण तोवर वाळून पांढरा झाला होता. शेठनं नांदेडच्या डॉक्टरचं काढलं, थोडा आराम कर उस्ताद म्हणाले, ही फेरी दुसरा कुणी घेऊन जाईल. आबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना काय चाललंय ते कळलं होतं, त्या सकाळी तरी पुरतं कळलं होतं.

"कोनी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

शेठनं कप खाली ठेवला. आबांनी मायकडं पाहिलं तर तिच्या चेहऱ्यावर काहीच समजत नसल्याचा गोंधळ. मग त्यांची नजर रस्त्यावर गेली, जिकडून भाऊ येणार होता तिकडं, आणि मला दिसलं की ते भाऊचं नाव मनात घेतायत. मी दारातून म्हटलं, "म्या सांगितलं, आबा."

त्यांनी खिशातून किल्ली काढली, शेठच्या हातात दिली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. शेठ गेल्यावर मायनं मला एकच विचारलं. "काहून केलंस?" मी सांगायला लागले, तर ती उठून भांडी घासायला गेली. त्यानंतर कितीतरी महिने ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा नीट बोलली नाही. पाणी पाहिजे असलं तर भिंतीला सांगायची.

भाऊ दोन दिवसांनी मुलगी झाल्याचा पेढा घेऊन आला आणि दारातच त्याला कळलं. त्यानं मला बोल लावला नाही. शेठनं तो घोडा त्याला चालवायला दिला. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं की हा आजार मेंदूचा आहे, वाढत जाईल, मागं फिरणार नाही. आणि तो वाढला. त्यानंतर पहिल्यांदा आबा जे विसरले ते नेमकं हेच, की त्यांची गाडी गेली आहे.

रोज सकाळी ते अंघोळ करायचे, खाकी शर्ट घालायचे आणि खुंटीवर किल्ली शोधायचे. माय चुलीपुढून म्हणायची, "तिला इचारा. तिलाच ठावं." म्हणून रोज मला सांगावं लागायचं. "आबा, तुमची गाडी आता भाऊ चालवतो. तुमाला बरं न्हाई." त्यांना ते रोज पहिल्यांदाच कळायचं. रोज त्यांचा चेहरा तसाच उतरायचा. आणि रोज ते विचारायचे, कोनी सांगितलं शेटला? एकदा मी म्हटलं की शेठनंच काढली. तर ते अनवाणी रस्त्यावर निघाले शेठला जाब विचारायला, समोरून येणाऱ्या ट्रकनं जेमतेम ब्रेक लावला. मी त्यांना हाताला धरून परत आणलं. त्या दिवसापासून मी खरंच सांगत गेले. मी सांगितलं, म्हटलं की ते घरातच राहायचे. राग माझ्यावर असायचा, आणि मी घरातच होते. भिंतीकडं तोंड करून निजायचे, माझ्या हातची भाकर घ्यायचे नाहीत. दुपारपर्यंत विसरायचे. मग मला जवळ बोलवून कॉलेजचं विचारायचे. पण उद्याची सकाळ होतीच.

मी बारावीची परीक्षा त्याच सकाळींमधून दिली. हल्ली लोक मला विचारतात, बाई, तुम्हाला शिकवताना कधी राग कसा आला नाही, एकच गोष्ट वर्गाला दहादा सांगावी लागली तरी. मी हसते.

अशीच एक सकाळ होती. आबांनी विचारलं, मी सांगितलं. ते वळून निजतील म्हणून मी ताट मागं ओढलं. पण ते बसूनच राहिले. "काहून सांगितलंस?" म्हणाले. इतक्या दिवसांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. एक ड्रायव्हर होता, झटका द्यायचं विसरला, खाली वाकून बघायचं विसरला. ट्रेलर खाली पडला. शंकर हमालाचा डबा चपटा झाला, शंकर पाण्याला उठला म्हणून वाचला. आणि आता त्याला भरलेली गाडी घेऊन घाट उतरायचा होता. आबा लक्ष देऊन ऐकत होते, जसे पूर्वी भाऊकडून एकेक गोष्ट वदवून घेताना ऐकत तसे.

"असला मानूस गाडीवर ठिवायचाच न्हाई," ते म्हणाले. "बराबर केलंस तू." मग विचारलं, "कोन व्हता त्यो?"

मी म्हटलं, "व्हता एक, आबा. लई चांगला ड्रायव्हर व्हता."

"बिचारा," आबा म्हणाले आणि भाकर मोडायला लागले.

चुलीपाशी काही आवाज नव्हता. मी वळून पाहिलं. मायच्या हातातली भाकर तव्यावर टाकायची राहून गेली होती, कडेनं तिला चिरा पडायला लागल्या होत्या. ट्रेलर लॉक झिजून नाही, तर बघायचं विसरल्यामुळं पडला, हे तिनं माझ्याकडून कधी ऐकून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा अंघोळ करून आले, शर्टाची बटणं लावली आणि खुंटीकडं पाहिलं. किल्ली कुठाय, म्हणाले. मी उठणार, तेवढ्यात मायनं मला हातानं खाली बसवलं. गाडी आता केशवकडं हाय, तुमी घरी ऱ्हायचं, असं तिनंच त्यांना सांगितलं. आबांचा चेहरा उतरला.

"कोनी सांगितलं शेटला?"

"म्या," माय म्हणाली.

आबांनी तिच्याकडं असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. तिनं वाढलेलं ताट त्यांनी हातानं सारलं. त्यानंतर ते गेले तोवर, दोन वर्षं आणि वर काही महिने, ती रोज सकाळी तेच सांगत राहिली आणि रोज तो राग अंगावर घेत राहिली. त्या पहिल्या दिवशी तिनं ते सारलेलं ताट उचलून माझ्या हातात दिलं आणि डोळ्यानं खूण केली. मी आबांच्या शेजारी बसले, भाकर कुस्करली, घास पुढं केला. माझ्या हातचा तो त्यांनी खाल्ला.